पडवीतले दुसरे मुसळ

बिरवाडी,
२२ एप्रिल १९८४

सौ. सुंदराबाई यांस,

जानकीचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत (हे वाक्य पत्रात लिहावे लागते म्हणून लिहिले, खुशालीचा खरा तपशील पुढे येईलच). तुमची, तुमच्या यजमानांची आणि नातवंडांची खुशाली कळवावी. तुमचे गुडघे जिना चढताना वाजतात असे तुमच्या चाळीतून आलेल्या कोणीतरी सांगितले, त्यावर लसणीचे तेल चोळून पाहा. सत्तावीस वर्षांत मी तुम्हाला लिहिलेले हे पाचवे पत्र. आधीच्या चारांचे उत्तर आले नाही. पोस्टखात्याला दोष द्यावा तर नवराच पोस्टमन, म्हणून तीही सोय राहिली नाही. तुमच्या थोरल्या बहिणीच्या, तुळसाबाईंच्या, जागी मी या घरात आले ते तुम्हाला रुचले नाही, आणि तुम्ही या उंबऱ्याला पुन्हा पाय लावला नाहीत. माझी काही तक्रार नाही. मी एकतीस वर्षांची घोडनवरी, शाळेत मुलांचे पाढे घेणारी. तुळसाबाईंना मी पाहिलेले नव्हते आणि घरात त्यांचा फोटो नव्हता. त्या कशा दिसत होत्या हे मला आजही माहीत नाही. पण एवढे पत्र शेवटपर्यंत वाचा, कारण यात त्यांचा संबंध आहे, आणि तो माझ्यासारख्या बाईने लिहावा असा नाही.

तुमच्या दाजींना कंपवात झाला आहे, हे कानावर आले असेल. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याचे इंग्रजी नावही सांगितले, कोणा साहेबाचे आहे. हात थरथरतो, चेहरा पाटी पुसल्यासारखा कोरा राहतो, ते सगळे मी सोसले. पण पाय? पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर अठ्ठावीस वर्षे टपाल वाटलेला माणूस, ओढ्याला पूर आला तर थैली डोक्याला बांधून पलीकडे जाणारा, तो आता आपल्याच माजघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो आणि पुढे जात नाही. पाय जमिनीत पुरल्यासारखे. विचारले तर म्हणतात, "जातो ना, जातोच हाय," आणि पाऊण तास तिथेच. उंबऱ्यापलीकडे मागली पडवी, पडवीपलीकडे फणसाखाली संडास. पाऊण तासाचा अर्थ तुम्हाला उलगडून सांगायला नको. शेवटी आमचा भाडेकरू मुरारी त्यांना उचलून नेतो. (हा पोलादपूरच्या डोंगरातला, इथल्या वसाहतीत औषधाच्या कारखान्यात शिफ्टला जातो. पोरगा गुणी आहे, फक्त बाप मुंबईला असल्यामुळे अर्धे बोलणे हिंदीत आणि पाव इंग्रजीत करतो.) उचलताना हे डोळे गच्च मिटून घेतात. एकदा मला म्हणाले, "बाई, बाकी काय पण होऊ दे, ह्या कामाला तेवढं माझ्या पायानं जाऊ दे." मला ते बाईच म्हणतात. सगळा गाव म्हणतो, तेव्हा त्यांनी वेगळे काय म्हणावे. त्या दिवशी मी कंबर बांधली, आणि पुढचे सगळे त्यातून झाले.

आधी सव गावाला नेले. ऊन पाण्याच्या कुंडात बसले की सांधे सुटतात म्हणतात. आमचे सुटायचे राहिले, उलट कुंडाच्या पायरीवर हे थांबले ते थांबलेच. मागे संधिवाताच्या चौदा माणसांची रांग. पाण्यावर एवढी वाफ की पुढचे मागच्याला दिसेना. आजोबा पायरीवर काही प्रार्थना करताहेत अशी समजूत होऊन रांगेतल्या शेवटच्या तिघांनी कुंडाला मनोभावे हात जोडले. अंघोळ न करता आम्ही एसटीने परतलो, आणि नाक्यावर उतरून धरून धरून आणताना सोनाबाईच्या अंगणात यांचे पाय पुन्हा अडकले.

सोनाबाई तुम्हाला आठवत असेल. आमच्या दोन घरे खाली राहते. सगळी वाडी गिरणीवर भात नेते, पण तिला गिरणीच्या तांदळाला चव लागत नाही. त्या वेळी ती आणि तिची सून समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात भात कांडत होत्या. एकीचे मुसळ पडते तेव्हा दुसरीचे वर जाते, हे तुम्हाला मी काय सांगावे, तुमचे बालपण त्यात गेले. मी आपली बाजूला उभी राहून यांचा दंड धरून होते, तर दंड माझ्या हातातून निघून गेला. हे चालायला लागले होते, आणि फरफटत नव्हे, सुनेच्या घावाला एक पाय, सोनाबाईच्या घावाला दुसरा, असे गोठ्याला वळसा घालून थेट उखळापाशी जाऊन उभे राहिले आणि हसले. दोन वर्षांनी मी ते हसणे पाहिले. माझ्या डोळ्यांना पाणी आले, आणि सोनाबाईला वाटले कोंडा गेला.

महाडच्या तरुण डॉक्टरांना सांगितले तर त्यांना नवल वाटले नाही. म्हणाले, डोक्यातून पायाला जायचा हुकूम वाटेत अडकतो, पण बाहेरून ताल मिळाला की तो दुसऱ्या वाटेने पोचतो. (म्हणजे टपालच. घाट बंद असला की महाडवरून फिरवून आणतात तसे.) घरी येऊन मी प्रयोग सुरू केले. गजराचे घड्याळ कानाशी धरले, तर त्याची टिकटिक एवढी घाईची की हे कोंबडीसारखे टुकूटुकू पावले टाकत भिंतीवर गेले. थाळी बडवली, तर शेजारी साप निघाला म्हणून काठ्या घेऊन आले. मग मी शाळेतली कवायत काढली. एक-दोन, एक-दोन, छान चालले होते, पण अडतीस वर्षांची जीभ, पडवीत पोचल्यावर माझ्या तोंडून आपोआप 'सावधान' निघाले आणि हे तिथे जे ताठ उभे राहिले ते मुरारी शिफ्टवरून येईपर्यंत.

शेवटी मुसळच. सोनाबाईला रोज तासभर येशील का विचारले. ती आली, आमच्या मागल्या पडवीतल्या उखळावरचे फळकूट सरकवून आत हात फिरवला. मग म्हणाली की याच उखळावर ती आणि तुळसाबाई नऊ वर्षे कांडत होत्या. कोपऱ्यात दोन मुसळे होती, त्यांतले बारीक तुळसाबाईंचे. सोनाबाईचा घाव जड आणि मागून पडणारा, तुळसाबाईंचा हलका आणि आधी पडणारा. टुक-धम्, टुक-धम्. "मला माझाच घाव येतो गो बाय, तिचा तू घे," असे म्हणून बारीक मुसळ तिने माझ्या हातात दिले. उखळात डोके घातल्यावर घावांना कशाला भ्यायचे, म्हणून मी पदर खोचला. अठ्ठावन्नाव्या वर्षी मुसळ पहिल्यांदा हातात धरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. पहिले चार दिवस मुसळावर मुसळ आदळत होते. सोनाबाई म्हणायची, "अगो, भात कांडतेस का कुणाचा सूड घेतेस? तुळसाचा हात पिसासारा होता." रिकामे उखळ कांडू नये असा तिचा दंडक, आणि घरात भात तर थोडेच. तेव्हा तेच पुन्हा पुन्हा कांडून भाताचे तांदूळ, तांदळाच्या कण्या आणि कण्यांचे पीठ झाले. मुरारी महिनाभर तिन्ही वेळा कण्यांची पेज प्यायला आणि कारखान्यात सांगत सुटला की काकांचा आजार काकीला लागला.

पाचव्या दिवशी हात बसला. कसा बसला कळले नाही. सोनाबाई मुसळ न थांबवता म्हणाली, "आली बघ तुळसा." ती कौतुकानेच म्हणाली, पण मी आजूबाजूला एकदा पाहून घेतले. तेवढ्यात हे माजघराचा उंबरा ओलांडून, कोणाचा हात न धरता, आमच्या बाजूने फणसाकडे गेले आणि जाता जाता म्हणाले, "हळू गो, येतो हाय मी." सत्तावीस वर्षांत 'गो' माझ्या वाट्याला आले नव्हते. मी हरखले, पण दोन घावांनंतर कळले की ते मला म्हटलेले नव्हते. मला वाईट वाटले, सुंदराबाई. लपवून काय करू? माणूस आपल्या पायाने संडासला गेला याचा आनंद करायचा सोडून मी एका मेलेल्या बाईचा हेवा करत उभी होते, आणि तोही तिचेच मुसळ हातात धरून.

मग फाल्गुनात सोनाबाईच्या मुलाला मुंबईत कावीळ झाली आणि ती सुनेला घेऊन महिनाभरासाठी गेली. माझ्या एकटीच्या घावावर हे एक पाय उचलायचे आणि तसेच राहायचे, बगळ्यासारखे. अर्ध्या तालावर माणूस अर्धाच चालतो. पुन्हा मुरारी, पुन्हा ते मिटलेले डोळे. तरी मी रोज कांडत होते, कारण नाही कांडले तर उभेही राहत नव्हते.

आता पुढचे नीट वाचा. भर दुपार होती, बाराचा भोंगा होऊन गेला होता, वाडीत चिटपाखरू नव्हते. फणसावरचा कावळासुद्धा बोलायचा थांबला होता. मी उखळाशी, पाठ मुसळांच्या कोपऱ्याकडे करून, मान खाली घालून कांडत होते. माझ्या दोन घावांच्या मध्ये आणखी एक घाव पडला. मला वाटले नव्या कारखान्याच्या भिंतीवरून माझाच आवाज परत येतो आहे. पण परत आलेला आवाज मागून येतो. हा आधी येत होता. टुक. मग माझा धम्. टुक, धम्. आणि माझ्या हातात पाहिले तर बारीक मुसळ नव्हतेच, मी घाईत सोनाबाईचे जाड उचलले होते. हलका घाव कोणीतरी दुसरे देत होते. हे उंबरा ओलांडून आले, माझ्यासमोरून गेले, परत आले, खाटेवर बसले. तोवर मी मान वर केली नाही आणि मागे वळून पाहिले नाही. थांबले असते तर हे वाटेत पडले असते ना? म्हणून कांडत राहिले. घामाने चोळी भिजली.

तुम्ही म्हणाल, जानकीबाई, तुम्ही शिकलेल्या, आपण धम्म घेतला, भुतेखेते आपण छप्पन साली मागे सोडून आलो. बरोबर आहे. मीच ते वर्गात शिकवले. पण तुळसाबाई पंचावन्न सालीच गेल्या, दीक्षेच्या आधी. त्यांना आपले नियम लागू नसावेत. तरी मी शास्त्र सोडले नाही. दुसऱ्या दिवशी उखळाच्या पलीकडे जमिनीवर बारीक कोंडा पसरला. पाऊल उमटले नाही. (मी समाधान मानणार होते.) पण पायलीभर भात एकटीने सडायला मला जेवढा वेळ लागतो त्याच्या अर्ध्यात सडून झाले, आणि एक कणी तुटली नव्हती. माझ्या हातून असे तांदूळ कधी निघत नाहीत. मुरारी रात्रपाळी करून पुढच्या खोलीत झोपला होता. उठून विचारतो, "काकी, सोनाबाई वापस कधी आली? डबल साउंड येतो ना." मी म्हटले, आली नाही. तो पडवीपर्यंत आला, मला एकटीला पाहिले, आणि संध्याकाळी त्याने नाक्यापलीकडे खोली घेतली. शिफ्टला जवळ पडते म्हणाला. ती खोली कारखान्यापासून दीड मैल लांब आहे.

म्हणजे उचलून न्यायलाही आता कोणी उरले नाही. सबंध भिस्त त्या दुसऱ्या घावावर. मी सकाळी अंगण झाडताना मनात म्हणायचे, आज तरी येऊ नका, आणि दुपारी मुसळ उचलताना म्हणायचे, आज तरी या. यांना विचारायचा धीर होत नव्हता.

मागल्या मंगळवारी मी घाम पुसायला थांबले. नेहमी मी थांबले की तोही घाव थांबत असे. त्या दिवशी थांबला नाही. टुक. टुक. टुक. हे फणसापाशी होते. त्यांनी संडासचे दार मागे टाकले आणि खालच्या पायवाटेला लागले. ती वाट नदीकडे जाते, आणि नदीकाठी तुळसाबाईंना जिथे पोचवले ती जागा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही त्या दिवशी आला होता. चालणे कसे? तिशीतल्या पोस्टमनचे. ताठ मान, खांद्यावर थैली असल्यासारखा एक खांदा वर. मी धावले, हात धरला, तर मला ओढत चालले. शाळेच्या आवाजात 'थांबा' ओरडले, तर वरच्या आळीतली गुरेसुद्धा उभी राहिली, हे थांबले नाहीत. चेहऱ्यावर ते हसणे होते. मला कळले की माझा नवरा माझ्यादेखत आपल्या पायाने जायला निघाला आहे, आणि मीच त्याला चालायला शिकवले.

मग मी परत फिरले. नवरा मसणवाटेला लागलेला असताना घराकडे पळणारी बाई मी एकटीच असेन. पण सोनाबाईचे एक वाक्य डोक्यात आले होते, की एका उखळावरच्या दोघींना एकमेकींना सोडून जाता येत नाही, नाहीतर मुसळावर मुसळ पडते. मी जाड मुसळ उचलले आणि टुकच्या मागे धम् घातला. बसला. पुन्हा घातला, जरा उशिरा. तीही जरा उशिरा आली. मी आणखी सावकाश, ती आणखी सावकाश. तिला माझ्यासाठी थांबावे लागत होते, सुंदराबाई, आणि ती थांबत होती. शेवटी एवढे संथ झाले की दोन घावांच्या मध्ये मला माझा श्वास ऐकू यायचा. तेव्हा वाटेवर हे दिसले. वळून येत होते, एक पाऊल, एक पाऊल. पडवीत येऊन खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तहान लागली." मी पाणी दिले. 

तर असे आहे. बाकी सर्व ठीक. यांच्या गोळ्या महाडात मिळत नाहीत, चिठ्ठी सोबत जोडली आहे, मिळाल्यास पार्सलने पाठवाव्यात. एवढ्यासाठीच हे पत्र. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची (तुम्ही मानत असाल तर),
जानकी

ता. क. : गोळ्यांचे खोटे आहे. गोळ्या मुरारी आणून देतो, आणि अंगणाच्या कडेला ठेवून पळतो. पत्र लिहायचे कारण वेगळे. सोनाबाई परत आली, पण झाला प्रकार ऐकल्यापासून ती आमच्या पडवीकडे बघतसुद्धा नाही. तुळसाबाईंचा हलका घाव आता जिवंत माणसांत एकाच हाताला येत असणार. माहेरी तुम्ही दोघी बहिणी एका उखळावर कांडत होता ना? माझा हात जात्याच जड, मधे हलक्या घावाला बसला होता तोही आता सोनाबाईच्या घावावर पक्का झाला आहे. हलक्या घावाला तुम्ही या. थोडे दिवस राहा, मला शिकवा.

दुसरा ता. क. : वर लिहिले की मी मागे वळून पाहिले नाही. ते पहिल्या दिवसापुरते खरे. मंगळवारी पाहिले. कोणी नव्हते. बारीक मुसळ कोपऱ्यात भिंतीला टेकून होते, हलत नव्हते. यांना निजवल्यावर जाऊन त्याच्या खालच्या लोखंडी कडीला हात लावला. ती गरम होती, कांडून ठेवल्यावर असते तशी. मी त्यांना मोठ्याने म्हणाले की तुमचे उपकार झाले, पण नेऊ नका. रागावल्या आहेत असे मला वाटले नाही. तुम्हीही रागावू नका.

आणखी एक : पाकीट चिकटवताना यांनी विचारले कोणाला लिहिलेस. सांगितले. मग धीर करून मी इतके दिवस मनात होते ते विचारले, की तुम्ही नक्की कोणाच्या घावावर चालता. आधी नुसते ओठ हलले, मला वाटले शब्दही उंबऱ्याशी अडकले. मग म्हणाले, "तिच्यावर पाय उचलतो. तुझ्यावर टेकतो." म्हणजे दोन्ही लागणारच. तेव्हा मिळेल त्या एसटीने निघा, सुंदराबाई. गेलेल्या माणसाला रोज दुपारी किती दिवस राबवायचे?